ठणठणीत लाइन

ऋजुताला रात्रभर एकाच काळजीने झोप लागली नाही. बाळंतपणानंतर चार वर्षांनी नोकरीसाठी मुलाखत आली होती, तीही कॉम्प्युटरवर, आणि घरचं इंटरनेट बंद! मोबाइलवर साधा मेसेज यायचा तोच मुश्किलीने. आपणच काहीतरी भलतं दाबलं असणार, असं तिला सारखं वाटत होतं. तरी सकाळी तिने सगळ्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. उपयोग शून्य.

तक्रार केल्यावर केबल कंपनीचे दाभाडेसाहेब खांद्याला लॅपटॉप अडकवून आले आणि कशालाही हात न लावता म्हणाले, "आमची लाइन ठणठणीत आहे, मॅडम. तुमचा कॉम्प्युटर गेलाय. ओटीपी आला असेल तो सांगा, तक्रार बंद करून टाकतो."

ओटीपी दिला की साहेब पुन्हा फिरकणार नाहीत, हे ऋजुता जाणून होती. ती दारातून हलली नाही.

"देते की! फक्त तक्रार तुमच्या लॅपटॉपवरून बंद करा, आमची ही वायर लावून. लाइन ठणठणीत आहे ना?"

साहेबांनी ऐटीत वायर लावली. बराच वेळ झाला तरी पान काही उघडेना.

"अगंबाई," ऋजुता म्हणाली, "साहेब, तुमचाही कॉम्प्युटर गेला वाटतं!"

दाभाडेसाहेब गच्चीवर गेले आणि तुटलेली वायर जोडून आले. इंटरनेट सुरू झालं, तेव्हाच ऋजुताने ओटीपी सांगितला.

तोवर सगळं टक लावून बघणारी छोटी जुई कळवळून म्हणाली, "आई, आपला झाला गं. आता काकांचा कॉम्प्युटर कोण नीट करणार?"