भोकात पडलेले दोन चेंडू

टेकडीवरच्या क्लबात चेंडू अजून आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. पूल खेळायच्या टेबलाशेजारी, खिडकीत, कारखानीसांनी आपला गोल्फचा चेंडू ठेवला. "आज पठ्ठ्या एका फटक्यात भोकात पडला!" सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली.

टेबलावरचा पांढरा चेंडू जळफळला. "दिवसभर मी दुसऱ्यांना भोकात ढकलतो आणि कौतुक याचं?" कारखानीसांनी काठी मारताच तो मुद्दाम गडगडत स्वतःच भोकात शिरला.

"अरे गाढवा, तू नाही पडायचंस! गेला माझा डाव!" कारखानीस ओरडले. टेबलाभोवतीची सगळी माणसं हळहळली.

"हस आता!" भोकातून बाहेर काढलेला पांढरा चेंडू खिडकीकडे बघून चिडला.

गोल्फचा चेंडू हसत नव्हता. "केवढी माणसं बघत होती तुला!" तो धुसफुसला. "मी पडलो तेव्हा तिथे एकच बगळा होता. तोही पाठमोरा."