गिळ्याचा पाहुणचार

पृथ्वीपासून लांब, तांबड्या उजेडाच्या एका ग्रहावर, आपल्याच माणसांनी वसवलेल्या गावात झिपरू नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते निमूट करायचा. फक्त मागच्या वेळी सांगितलेलं या वेळी करायचा.

त्याला आत्याने वाढवलं होतं. त्याचं लग्न जमावं म्हणून ती बिचारी देव पाण्यात घालून बसली होती. अखेर एक स्थळ आलं. मुलीचे वडील नाथाजीराव मुलगा बघायला येणार होते.

त्या सकाळी झिपरू परसात गेला आणि त्याने खणखणीत जांभई दिली. तिथे भेदरी होती, त्या ग्रहावरचं झाड. दचकून तिने सगळी पानं गाळली.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, झाडापाशी कुजबुजावं. अगदी कानात!"

"बरं."

थोड्या वेळाने कुंपणातल्या गिळ्याने शेजारची बकरी धरली. गिळ्या हेही तिथलंच झाड, खोडालाच तोंड. झिपरू चवड्यांवर चालत शेजारणीकडे गेला आणि तिच्या कानाशी लागला.

"काकू, तुमची बकरी…"

"मोठ्यानं बोल की मेल्या!"

"शूऽऽ! झाड आहे ना जवळ."

तोवर बकरीची नुसती दोरी उरली. आत्या कडाडली, "अरे, तोंड वासलेलं दिसलं की बोंब ठोकायची, बादलीभर पाणी ओतायचं! गिळ्याला ओलं चालत नाही, थुंकून टाकतो."

"बरं."

दुपारी नाथाजीराव आले. बसले. लाडू उचलला आणि तोंड उघडलं.

"धावाऽऽ! गिळतोय!" झिपरूने बोंब ठोकली आणि बादली ओतली.

नाथाजीराव मोठ्या मनाचे. "असू दे, पोरगा चपळ आहे," म्हणाले आणि धोतर पिळायला कुंपणाकडे गेले.

इकडे आत्या रडकुंडीला आली. "लग्न मोडेल रे! तोंड उघडलं की हात जोडावेत, सावकाश होऊ द्या म्हणावं. नको नको म्हटलं तरी ऐकू नये, पाहुणे लाजतात. आग्रह करावा, घास हाताने भरवावा. जा, आता तरी नाव काढ!"

"बरं," म्हणत झिपरू धावला.

कुंपणापाशी गिळ्याने नाथाजीरावांना डोक्याकडून कमरेपर्यंत आत घेतलं होतं. पण ते चिंब भिजलेले. गिळ्याला ते मुळीच रुचेनात. तो त्यांना हळूहळू बाहेर ढकलत होता.

झिपरूने हात जोडले. "सावकाश होऊ द्या!"

गिळ्याच्या तोंडातून आवाज आला, "नको! नको!"

झिपरू गालात हसला. लाजतायत बिचारे. त्याने नाथाजीरावांचे दोन्ही पाय धरले, प्रेमाने आत सारले आणि म्हणाला,

"असं कसं? हा एवढा एकच घास, माझ्या आग्रहाखातर!"