दारातला वानवळा

फार पूर्वीची गोष्ट म्हणावी, तर ती आजही चालूच आहे. लांबची म्हणावी, तर ती आपल्या कातडीच्या आतली आहे. एका मुलीच्या अंगात एक नगर होतं. तिला त्याचा पत्ता नव्हता. आपल्याला तरी कुठं असतो?

नगराला कातडीची तटबंदी होती. नाकातोंडाची दारं मात्र उघडी ठेवावी लागत, श्वास घ्यायला नको का? म्हणून तिथं चिकट पाण्याचा खंदक होता. आपण त्याला शेंबूड म्हणून तोंड वाकडं करतो. पण बाहेरचे किती चोरचिलट त्यातच रुतून मरत होते. आत घराला घर लागून वस्ती होती. या घरांना शिकलेली माणसं पेशी म्हणतात.

पहारा पांढऱ्या पेशींकडे. हे रखवालदार हाडांच्या पोकळीत, मज्जेत जन्मत. त्यातले काही छातीतल्या शाळेत जात. त्या शाळेत धडा एकच, आपला कोण आणि परका कोण. आपल्याच माणसावर काठी उगारली की तिथूनच नारळ मिळे.

आता या नगराची एक रीत होती, ती नीट ऐका. घरात जे काही बनेल त्याचा चिमूटभर वानवळा दाराबाहेर मांडायचा. रखवालदार येई, बोटानं चाचपे, आणि पुढं जाई. आत शिरून बघायची त्याला मुभा नव्हती. म्हणजे सगळा पहारा उभा होता तो त्या चिमटीवर.

गळ्याच्या आळीत दोन जावा राहत. मध्ये एक भिंत. थोरली टापटिपीची, चार लोकांत नाव असलेली. धाकटी साधी. थोरली तिला येताजाता टोमणा मारायची, की तुझा वानवळा बघून रखवालदाराला जांभई येते. धाकटी म्हणायची, येऊ दे, बिचाऱ्याला तेवढाच विसावा.

एकदा हवा पालटली, आणि खंदक चुकवून एक परका भावासकट आत आला. त्याचं नाव विषाणू. त्याला ना चूल, ना हात. पण घरांच्या कुलपांना लागणारी किल्ली त्याच्याजवळ होती. तो थोरलीकडे शिरला, त्याचा भाऊ धाकटीकडे. आत येऊन त्यांनी चूल ताब्यात घेतली, आणि बाईच्याच हातांनी आपल्यासारखे आणखी विषाणू घडवायला लागले.

धाकटीनं वानवळ्यासाठी चिमूट उचलली, तसा पाहुणा गोड बोलायला लागला. हे बाहेर मांडलंस तर रखवालदार तुझ्यासकट घर पाडेल. नाही मांडलंस, तर थोडे दिवस का होईना, जगशील.

तो खोटं बोलत नव्हता. तीही नगराची रीतच होती. बिघडलेलं घर पाडायचं.

भिंतीपलीकडून थोरलीचा दबका आवाज आला. "अगं, तुझ्याकडंही आलाय ना? दार मोकळं ठेव. मी काही मांडलं नाही. चारचौघांत शोभा कशाला करून घ्यायची?"

धाकटीनं हातातल्या चिमटीकडं पाहिलं. जीव कुणाला नको असतो.

मग ती म्हणाली, "जाऊबाई, माझ्या भिंतीला किती जणांच्या भिंती लागल्यात. त्यांनी काय केलंय?"

आणि तिनं वानवळा दारात मांडला.

रखवालदार आला. बोट लावलं, आणि त्याचा हात तिथंच थांबला. या आळीतून तो रोज जायचा. धाकटी त्याच्या ओळखीची होती.

तो म्हणाला, "बाई, हे तुझ्या घरचं नाही."

"नाही. म्हणूनच मांडलंय."

"पुढं काय करावं लागतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. एवढंच करा दादा, भिंती आतल्या बाजूला पाडा. शेजाऱ्यांच्या अंगावर नको."

त्यानं तसंच केलं. घर आतल्या आत, हळूच मिटलं. पाहुणा आणि त्याची अर्धवट घडलेली पिलावळ तिथंच गाडली गेली. पाठोपाठ भक्षक पेशी आल्या, नगराच्या झाडूवाल्या. त्यांनी सगळी माती गिळून जागा लख्ख केली. त्यातल्याच एकीनं त्या वानवळ्याचा कण पदरात बांधला आणि मानेतल्या गाठीकडं धाव घेतली. ती गाठ म्हणजे रखवालदारांची चौकी. तिथं काही पेशी लोहाराचं काम करत. त्यांनी तो कण उलटसुलट करून पाहिला आणि त्या विषाणूलाच अडकतील असे आकडे घडवायला घेतले. त्यांना म्हणतात प्रतिपिंडं.

इकडं थोरलीचं दार वानवळ्याविना मोकळंच. मोकळ्या दाराला हटकणारे वेगळे रखवालदार असतात. त्यातला एक आला आणि दार वाजवायला लागला. पण त्याला उशीर झाला होता. घर विषाणूंनी गच्च भरलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत ते फुटलं. थोरली तर गेलीच, पण तिच्या घरातली सगळी फौज आळीभर पसरली आणि शेजारची कितीतरी घरं गेली, ज्यांचा कशातच हात नव्हता.

नगरप्रमुख मेंदूनं सगळीकडं भट्ट्या पेटवल्या. बाहेर मुलीची आई कपाळावर हात ठेवून म्हणाली, पोरीला ताप भरलाय. आत लोक कुरकुरले, की आधीच संकट आणि वरून ही होरपळ. पण त्या धगीत विषाणू मंदावले आणि रखवालदारांच्या पायांना वेग आला. तेवढ्यात चौकीवरून आकड्यांचे भारे येऊन पोचले. एकेका विषाणूला आकडे बसले. त्याची किल्ली कुठल्याच कुलपात शिरेना. झाडूवाल्या त्यांना गोळा करत गेल्या.

लोहार पुढं सांगायचे, की तो कण थोडा आणखी उशिरा मिळाला असता तर फौज छातीत उतरली असती, आणि मग काही खरं नव्हतं.

ताप उतरला. मुलगी उठून बसली आणि तिनं मऊ भात मागितला. आईनं देवाला हात जोडले. वैद्याचे आभार मानले, काढा देणाऱ्या शेजारणीचेही मानले. मानावेतच. धाकटीचं नाव मात्र तिला कोण सांगणार?

आत तिची मोकळी जागा भरायला शेजारच्या घरानं आपले दोन भाग केले आणि एक भाग तिथं दिला. नगरात असंच करतात. आणि तो रखवालदार? त्याला आता दुसरीकडं जायला सांगितलं, पण तो हलला नाही. त्या परक्याची खूण त्यानं जन्मभरासाठी लक्षात ठेवली आणि तिथंच ठाण मांडलं. अशांना स्मृतिपेशी म्हणतात. नव्या घरातली पोरं त्याला विचारत, काका, तुम्ही कुणाची वाट बघता? तो म्हणे, "वाट नाही रे बघत. इथं एक बाई राहायची. तिचं देणं लागतो, म्हणून बसलोय."

पुढं कधीतरी तोच विषाणू पुन्हा आला. काकानं त्याला किल्ली काढायलाही वेळ दिला नाही.

बाहेर मुलीला दोन शिंका आल्या. तिनं बाहीला नाक पुसलं आणि ती खेळायला पळाली.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: घरात काही बिघडलं तर लाजेनं झाकू नका, वेळेवर दाखवा. आणि आज अंग हलकं वाटत असेल, तर आत आपल्यासाठी कुणीतरी झिजलंय हे जाणून क्षणभर हात जोडा.