वस्तादांच्या टाचेची जखम

कृष्णाकाठच्या एका गावात तातोबा नावाचे एक वस्ताद होते. वय पंचाहत्तर, पण चाल अशी ताठ की शेजारून जाणाराही आपोआप छाती पुढे काढी. उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नाही, ही त्यांची बढाई साऱ्या गावाला पाठ होती. खरचटलं, कापलं, की तालमीतली तांबडी माती जखमेवर चोळायची, हेच त्यांचं औषध.

त्या वर्षी उरुसाच्या आठ दिवस आधी त्यांच्या टाचेत खिळा घुसला. सवयीप्रमाणे माती लावली, पण जखम भरेना. पाय जड झाला, भूक गेली. अंगात ताप मात्र नव्हता, मग काळजी कसली? शिवाय मैदानात पहिली कुस्ती लावायचा मान त्यांचा. पाय दुखतो म्हटलं तर लोक म्हणतील, वस्ताद म्हातारे झाले. तेवढं एक त्यांना ऐकायचं नव्हतं.

उरुसाला शेवंता आली. त्यांनी तालमीत कुस्ती शिकायला घेतलेली ही पहिली मुलगी. आता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, रिवाजाप्रमाणे ती मैदानातच वस्तादांच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाय सुजून लालभडक झाला होता, हाताला चटका बसत होता.

वस्ताद पाय मागे घेत म्हणाले, "साठ वर्सं हीच माती लावतोय, पोरी. कधी काय झालं न्हाई."

"माती तीच हाय, वस्ताद. अंग तेच हाय का?"

मग तिनं हलक्या आवाजात समजावलं. वय झालं की अंगातली राखणही थकते. जखम उशिरा भरते. चोर घरात शिरला तरी राखणदार हाक देत नाही. कधी कधी तापसुद्धा येत नाही. आत्ता निघालो नाही तर पाय जाईल, कदाचित जीवही.

समोर सारा गाव बसला होता. वस्तादांनी फेटा सारखा केला, पहिल्या कुस्तीचा नारळ दुसऱ्याच्या हाती दिला आणि शेवंताच्या खांद्यावर हात टाकून भर मैदानातून लंगडत निघाले. लोक आदरानं उठून उभे राहिले.

पाय वाचला. दोन दिवस उशीर झाला असता तर कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वस्ताद छाती फुगवून सांगत, "आयुष्यात एकदाच चीत झालो. ते बी माझ्याच पठ्ठीकडनं."

तात्पर्य: उतारवयात अंगातली राखण मंदावते, म्हणून लहानसं दुखणंही अंगावर काढू नये, वेळीच मदत घेणाऱ्याची मान कधी खाली जात नाही.