नव्वद ग्रॅम पाणी

स्कॉटलंडहून रसायनशास्त्र शिकून मी जत तालुक्यातल्या एका कॉलेजात रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं की मुलं एकेका गणितावर माझ्याशी वाद घालतील. इथे तर मुलं आधी गाईडमधलं उत्तर बघत आणि मग त्या उत्तराला पोचेल अशी रीत मांडत. गाईड खुद्द उपप्राचार्य शिंत्रे सरांनी लिहिलेलं होतं.

मी गाईड मिटायला लावून सरावाचा जादा तास सुरू केला. एकदा सर स्वतःच तासाला येऊन बसले. फळ्यावर गणित होतं: दहा ग्रॅम हायड्रोजन आणि दहा ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी किती मिळेल? सायरा मुलाणीनं उत्तर काढलं, सव्वाअकरा ग्रॅम.

"गाईडात नव्वद आहे," सर म्हणाले. "मॅडम, पोरांची वाट लावताय तुम्ही. हा तास उद्यापासून बंद."

मी काही बोलणार, तोच सायरा म्हणाली, "सर, तुमचंच बरोबर असेल. मग गावाचा टँकरही बंद करायला सांगूया. वीस ग्रॅम घालून नव्वद ग्रॅम पाणी निघत असेल, तर अख्ख्या तालुक्याला पुरेल की."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सर फळ्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

"ऑक्सिजन आधी संपतो, हे माझ्याकडून राहिलंच बघ. चालू द्या तास."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आज खडू सायराच्या हातात द्यायचा आणि आपण पोरींमध्ये बाकावर बसायचं.