तीन दवंड्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या नगरात घडली त्याचं नावही आज कुणाला सांगता येणार नाही.

त्या नगरात एक तांबट होता. हाताला कसब भरपूर, धीर मात्र बेताचा. भावाच्या लग्नात त्याने चार व्यापाऱ्यांकडून तांब्याचे पत्रे उधार उचलले, भांडी विकून आलेला पैसा मांडवात उडवला आणि चौघांचे वायदे बुडवले.

नगराचा कायदा कडक होता. वायदा बुडवणाऱ्याच्या घराला कुलूप लागे आणि त्याला बायकोसह वेशीबाहेर राहावं लागे. परतायची वाट एकच. जुनं देणं फेडायचं, मग एखाद्या व्यापाऱ्याकडून पुन्हा उधारीवर माल घेऊन दर पौर्णिमेला न चुकता पैसे पोचवायचे. बाराव्या पौर्णिमेला त्या व्यापाऱ्याने पंचांपुढे उभं राहून म्हणायचं, "या माणसावर माझा विश्वास आहे." तेवढं म्हटलं की कुलूप निघे.

तांबटाने राबराबून जुनं देणं फेडलं. पण त्याला दारात उभं करायला कुणी तयार होईना. शेवटी एका म्हाताऱ्या शेटजींना दया आली. ते महिन्याला एकच पत्रा देत. तांबट त्याची घागर घडवी, विकी आणि पौर्णिमेला पैसे पोचते करी. अशा अकरा पौर्णिमा गेल्या.

वेशीबाहेरची झोपडी नदीला लागून होती. भिंतींना कायम ओल. त्याच्या बायकोला खोकला जडला तो हटेना. वैद्यांनी स्पष्टच सांगितलं, "हिला कोरड्या घरात न्या. आणखी एक हिवाळा इथे निघायचा नाही."

ते ऐकल्यापासून तांबटाच्या जिवाची घालमेल सुरू झाली. एका सकाळी तो म्हणाला, "अगं, एकट्या म्हाताऱ्याच्या शब्दाला पंच किती मोजतील? आणखी तिघा व्यापाऱ्यांनी मला उभं केलं, तर कुलूप काढायला कुणी कां कूं करणार नाही."

"अहो, अकरा काढल्यात," बायको म्हणाली. "एका महिन्याने काय बिघडतंय? तुम्हाला धीर धरा म्हटलं की तुमची हातोडी जोरात वाजायला लागते!" ती हसली आणि हसता हसता खोकत बसली.

त्या खोकल्यानेच घात केला. तांबट उठला आणि थेट बाजारात गेला.

त्या बाजाराची एक रीत होती. कुणी नव्याने उधारी मागितली, की व्यापारी आधी त्याच्या नावाची दवंडी पिटवी, म्हणजे बाकीच्यांना खबर लागावी. तांबटाला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. उलट त्याला वाटलं, बरंच झालं, आपलं नाव पुन्हा चारचौघांत येईल. वेड्याला कोण सांगणार!

दुपारपर्यंत त्याच्या नावाच्या तीन दवंड्या झाल्या. एकमेकांची दवंडी ऐकून तिन्ही व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. तांबट घाबरून म्हाताऱ्या शेटजींकडे धावला.

शेटजी डोळे मिटून बसले होते. "पहिली दवंडी ऐकली, तेव्हा म्हटलं, असेल काही गरज," ते म्हणाले. "दुसरीला मी तराजू खाली ठेवला. तिसरी झाली आणि तुझ्या भावाचं लग्न आठवलं."

"शेटजी, मी कुणाचा एक पत्रासुद्धा घेतला नाही हो! नुसतं विचारलं."

"खरं असेल तुझं. पण एका दिवसात तीन दारं ठोठावणारा माणूस अडचणीत आहे, असंच कुणालाही वाटणार. मलाही वाटलं. आता माझा विश्वास आहे, असं पंचांपुढे कोणत्या तोंडाने सांगू? रोख पैसे आण, पत्रा देईन. उधार आता नको."

बाराव्या पौर्णिमेला पंच बसले. तांबटाच्या नावाचा पुकारा झाला, पण कुणी उभं राहिलं नाही. अकरा महिने पाण्यात गेले. म्हाताऱ्याचा मला राग येत नाही, तांबटाचाही येत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

त्याला पुन्हा दारात उभं करणारा व्यापारी मिळायला वर्ष गेलं. तोवर पुढचा हिवाळा आला आणि त्या हिवाळ्यात त्याची बायको त्याच ओल्या झोपडीत गेली. शेवटपर्यंत ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढे कधीतरी बारा पौर्णिमा पुऱ्या झाल्या. नव्या व्यापाऱ्याने पंचांपुढे शब्द दिला आणि तांबटाच्या घराचं कुलूप निघालं. तो दार ढकलून उंबऱ्याशी उभा राहिला. घर कोरडं होतं, उबदार होतं. आता आत कुणासाठी जायचं, हेच त्याला कळेना.

मुलांनो आणि मोठ्या माणसांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: गेलेली पत परत मिळवताना घाईने नवी दारं ठोठावू नका, जे एक दार उघडं आहे, तेच जपा.