साठीच्या राजाची मुरमं

टेंभोलीचे भैरोजीराजे साठीला आले, पण मन मेलं विशीतच अडकलेलं. हसू नका, तुमचंही तसंच असेल! राणीसाहेबांचा कोरडा चेहरा त्यांची दासी गोजराबाई हिच्या सायीच्या लेपानं खुलला, तसे राजे हटून बसले, "मलाही तरुण व्हायचंय. तोच लेप लाव!"

"सरकार, आपली कातडी तेलकट. आपल्याला मुलतानी मातीच बरी."

"राणीला साय अन् राजाला माती?"

लावली साय. आठवड्यात तोंडभर मुरमं!

"हिला राज्याबाहेर हाकला!" राजे गरजले.

गोजराबाईनं हात जोडले. "सरकार, तारुण्य मागितलंत ना? ऐन सोळाव्या वर्षी अशीच मुरमं येतात. माती लावून घालवते, पण मग पुन्हा साठीचे व्हाल."

राजांनी आरसा मागवला, मिशीला पीळ दिला.

"मग राहू देत की थोडे दिवस! अन् बाई, तूही राहा."